नाथ पैंची लोकसभेतली भाषणं: डाउनलोड फुकट, वाचायला घाम, आणि प्रिंटवाल्याचा घोळ

रिव्ह्यू लिहायची मला सवय नाही, आत्तापर्यंत एक मिक्सर आणि एक छत्री एवढ्यावरच लिहिलंय, त्यातल्या छत्रीला दिलेले चार स्टार पहिल्याच मिरगाच्या पावसात वाया गेले. पण गेले दोन महिने जे वाचतेय त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना. संसदेची डिजिटल लायब्ररी म्हणून एक साइट आहे, १९५२ पासूनच्या लोकसभेच्या चर्चा तिथे आहेत, घटना समितीच्या चर्चाही आहेत, पैसे लागत नाहीत. त्यातनं मी बॅरिस्टर नाथ पैंची भाषणं काढली, प्रिंट मारल्या, स्पायरल करून घेतलं आणि वाचली. म्हणजे हा रिव्ह्यू साइटचा, भाषणांचा आणि प्रिंट काढून देणाऱ्या दुकानाचा असा तिन्हींचा मिळून आहे, गोंधळ वाटला तर सांभाळून घ्या.

मी वेंगुर्ल्याची. बँकेत कॅशवर नोकरी केली, आता रिटायर. वकिली-बिकिली काही नाही. हे सगळं सुरू झालं भाचीमुळे. बाय नववीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतलाय, विषय आला नाथ पै. आता वेंगुर्ल्यात जन्मलेला माणूस, राजापूर मतदारसंघातनं १९५७, ६२ आणि ६७ असा तीनदा लोकसभेत गेलेला, तेव्हा विषय सोपा असं तिच्या आईला वाटलं. तिने कुठून कुठून व्हॉट्सॲपवर आलेलं साहित्य जमवलं आणि मला पाठवलं, तर त्यात नुसती विशेषणं. अमोघ वाणी, ओघवती शैली, सभागृह मंत्रमुग्ध. सात पानं वाचली मी, सात पानांत ते माणूस नक्की बोलले काय याचं एक वाक्य नाही! म्हणजे कुणी म्हणावं अमक्याकडचं फिशकरी अप्रतिम होतं, आणि मासा कुठला होता विचारलं तर गप्प.

मग आईला विचारलं. आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, तिने त्यांच्या सभा ऐकल्यात. ती म्हणाली, "गे, लोक जाग्यावरसून हलत नसत. पोरां रडायची थांबत." बरं, मग बोलले काय? तर म्हणे, "ता आता खय आठवताला." झालं. म्हणजे आवाज आठवतो, चेहरा आठवतो, मजकूर गेला. बायला म्हटलं थांब, मजकूर कुठेतरी छापलेला असणारच, लोकसभेत बोललेलं सगळं रिपोर्टर लिहून घेतात. आणि तो तिथे मिळाला.

आधी साइटबद्दल. वापरायला मला अर्धा दिवस लागला, तो दोष माझा, मी नावाचं स्पेलिंग दोनदा चुकवलं आणि आमच्याकडे पाऊस लागला की नेटवर्क आणि लाइट एकमेकांना विचारूनच जातात. पण एकदा कळलं की कितवी लोकसभा, कुठलं वर्ष, कुठला सदस्य असं करत करत जायचं, मग काही नाही. जुन्या छापील खंडांची स्कॅन केलेली पानं पीडीएफ म्हणून उतरतात. एका दिवसाची चर्चा म्हणजे शेकडो कॉलम असतात, त्यामुळे फाइल जड, मी आपली पहाटे उतरवायची.

आणि ती पानं बघायला मजा येते हो. पानाला नंबर नसतो, कॉलमला असतो, एका पानावर दोन कॉलम, म्हणून दोन नंबर. वर एका बाजूला इंग्रजी तारीख आणि समोरच्या पानावर शकाची तारीख. ७ एप्रिल १९६७ म्हणजे चैत्र १७, शके १८८९. आईने ते बघितलं आणि लगेच कालनिर्णय मनात उलटायला लागली, चैत्रातली सतरावी तिथी खंयची गो? तिला सांगितलं हा सरकारचा चैत्र, २२ मार्चला सुरू होणारा, पाडव्याचा नाही. तिला ते काही पटलेलं नाही.

आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बोलणाऱ्या सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघ असतो. श्री नाथ पै, आणि कंसात राजापूर. दिल्लीत छापलेल्या त्या जाडजूड खंडात, परराष्ट्र धोरण असो नाहीतर घटनादुरुस्ती असो, मध्येच राजापूर, परत राजापूर. तो मतदारसंघ आता नाहीच, २००८ च्या फेररचनेत गेला, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग. नकाशावरनं गेलेलं नाव तिथे मात्र शाबूत आहे. मी उगाचच दोन मिनिटं त्या कंसाकडे बघत बसले होते.

आता मुख्य माल. सगळी भाषणं काढणं शक्य नव्हतं, चौदा वर्षांचा संसार आहे तो, म्हणून मी एकच विषय धरला, त्यांनी स्वतः आणलेलं घटनादुरुस्तीचं बिल. त्याच ७ एप्रिल १९६७ ला मांडलेलं. बिल मंत्र्याने नाही आणलं, विरोधी बाकावरच्या एका साध्या खासदाराने आणलं, याला खासगी सदस्याचं विधेयक म्हणतात. त्याला आठवड्यातनं शुक्रवारचे दोन-अडीच तास मिळतात. म्हणजे आपल्या आठवडा बाजारासारखंच, त्या वेळात जेवढं खपेल तेवढं खपेल, उरलं तर पुढच्या बाजाराला. स्वातंत्र्यापासून आजपर्यंत अशी फक्त १४ बिलं पास होऊन कायदा झालीत आणि शेवटचं १९७० मध्ये, त्यानंतर एकही नाही. यातला एक कायदा फिरोज गांधींचा, १९५६ चा, संसदेतल्या चर्चेचं खरं वृत्त छापलं म्हणून पेपरवर खटला भरता येऊ नये म्हणून आणलेला. आणीबाणीत तो रद्द केला आणि १९७७ मध्ये परत आणला. मला हे कुठलंच माहीत नव्हतं, एवढी वर्षं पेपर वाचते मी.

तर बिल कशाला आणलं. पंजाबात जालंधरला गोलकनाथ म्हणून कुटुंब, पाचशे एकराच्या वर जमीन, तिथल्या १९५३ च्या जमीन कायद्याने सांगितलं की माणशी ३० एकर ठेवा, बाकीची सोडा. ते गेले कोर्टात. २७ फेब्रुवारी १९६७ ला सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला की इथून पुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, घटनादुरुस्ती करूनसुद्धा नाही. एका मताचा फरक. आधी झालेल्या दुरुस्त्या मोडल्या नाहीत, झालं ते झालं, पण पुढे हात लावायचा नाही. आणि निकाल देणारे सरन्यायाधीश सुब्बाराव पुढच्याच एप्रिलमध्ये राजीनामा देऊन राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, ही वेगळीच गंमत.

नाथ पैंनी निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत बिल मांडलं. आजच्या भाषेत फास्ट रिस्पॉन्स. म्हणणं एकच, की घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करायचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला असला पाहिजे, मूलभूत हक्कांचा भाग धरून, आणि तसं कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहा.

इथे बाय झोपली. खरंच. "मावशे, ह्यां वाचून माका झोप येता" म्हणाली आणि लवंडली. तिचं काही चुकलं नाही, कारण अख्खा वाद एका शब्दावर आहे. कलम १३ म्हणतं की सरकारने मूलभूत हक्क हिरावणारा 'कायदा' करायचा नाही. मग घटनादुरुस्ती हा 'कायदा' आहे की त्याच्याहून वरची गोष्ट? कोर्टाच्या सहा जणांनी म्हटलं कायदाच, नाथ पैंच्या बाजूचं म्हणणं की नाही, ते वेगळं काम आहे. मी तिला दुसऱ्या दिवशी गावऱ्हाटीचं, म्हणजे गावच्या देवळाच्या कारभाराचं उदाहरण दिलं. देवळात बारापाचाचे मानकरी बसतात, जत्रेला मंडप कोण घालणार, वर्गणी किती, असे नियम ते करतात, ते नियम रूढीच्या आत राहून. पण उद्या त्यांनी पालखीच्या मानाचा क्रमच बदलला तर? तो एक नियम झाला की रूढीच बदलली? आणि तो अधिकार त्यांना दिला कोणी? हे ऐकल्यावर तिला लगेच कळलं, कारण आमच्याकडे यावरनं एकदा देवळाला कुलूप लागलंय आणि ते तिने बघितलंय.

मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच ठिकाणी. मूलभूत हक्क कमी करायचा अधिकार मागणारा हा समाजवादी माणूस, असं का? मी आधी जरा नाराजच झाले होते. मग घटनेचं नववं परिशिष्ट काढून बघितलं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत हे परिशिष्ट जोडलं, त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावाखाली कोर्टात पाडता येऊ नये म्हणून. सुरुवातीला तेरा कायदे होते. दोन नंबरला मुंबईचा १९४८ चा कूळ कायदा. आणि सहा नंबरला मुंबईचा खोती रद्द करणारा कायदा.

खोती! कोकणातल्या माणसाला काय सांगायचं खोती म्हणजे काय ते, बाहेरच्यांसाठी सांगते, गावचा सारा सरकारात भरणारा खोत आणि जमीन कसणाऱ्या कुळांकडून वसुली करणाराही तोच. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करायचं बिल मांडलं होतं (बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे, म्हणजे तेही आपल्याच पट्ट्यातले), पुढल्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. तिकडे अलिबागजवळ चरीला त्याआधीपासूनच कुळांचा संप चालू होता, १९३३ पासून सहा वर्षं जमीन पडीक ठेवली लोकांनी, करवंदं विकून दिवस काढले पण खोताला खंडाचं भात काही दिलं नाही. तेवढ्या सगळ्यातनं शेवटी १९४९-५० ला खोती गेली. आमच्या आजोबांच्या नावावर जी काय चार गुंठे भाताची खाचरं आणि काजूची भरड आली ती याच कायद्यांच्या जिवावर. आज त्या भरडीवर वेंगुर्ला-४ ची कलमं आहेत आणि माझा भाऊ त्याच्यावरनं रुबाब करतो.

आता गोलकनाथच्या निकालाने खोतीचा कायदा मोडला नव्हता, हे मी वर लिहिलंच. पण ज्या दाराने तो कायदा आत सुरक्षित बसवला तेच दार इथून पुढे बंद, असा त्याचा अर्थ होत होता. हे माझं वाचन आहे, नाथ पैंच्या मनात खोतच होते असा माझा दावा नाही, पण नावापुढे राजापूर लागलेल्या माणसाला मूलभूत हक्क म्हटल्यावर आधी कुणाचा मालकी हक्क आठवत असेल हे आपल्याला दिल्लीवाल्यांपेक्षा जास्त कळेल. त्या वेळी मालमत्तेचा हक्क मूलभूत होता, तो तिथून निघाला ४४ व्या दुरुस्तीत, १९७८ ला. हे कळल्यावर मी बिल परत पहिल्यापासून वाचलं आणि नाराजी निम्मी गेली.

निम्मीच. कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे आणि त्यांना माहीत नव्हतं. त्यांचं बिल काही त्या लोकसभेत पास झालं नाही. संयुक्त समितीकडे गेलं, समितीचा रिपोर्ट आला, परत शुक्रवार शुक्रवार चर्चा, घटनादुरुस्ती म्हणजे दोन तृतीयांश मतं लागणार, सरकार एकदा हो एकदा थांबा. विरोध करणाऱ्यांत कोण, तर मधू लिमये! तेही समाजवादी, तेही मराठी, फक्त निवडून आलेले बिहारमधल्या मुंगेरहून. मला वाटायचं समाजवादी म्हणजे सगळे एका पंगतीला, तर इथे एकाच मुशीतले दोघे, एक म्हणतो संसदेला अधिकार हवा आणि दुसरा म्हणतो नागरिकांच्या हक्कांना हात लावायचा अधिकार कुठल्याच बहुमताला नको. वाचायचं असेल तर नाथ पैंच्या बाजूबरोबर लिमयांची बाजूही नक्की उतरवून घ्या, नाहीतर माझ्यासारखी अर्धी गाठ हातात येईल. मी आधी फक्त 'आपल्या माणसाची' पानं काढली होती, मग परत दुकानात जावं लागलं.

२७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि बिल गेलं. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पै गेले, वय ४८. बावीस दिवस, बिलानंतर माणूस. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारची २४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, तिचा गाभा म्हणजे जवळजवळ नाथ पै जे मागत होते तेच. मग १९७३ ला केशवानंद भारती खटला, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, परत एकाच मताचा फरक. निकाल असा की संसदेने घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करावा, पण तिचा मूळ ढाचा मोडायचा नाही. या मूळ ढाच्याच्या कल्पनेची बारीकशी चाहूल त्याआधीच १९६५ च्या सज्जन सिंग खटल्यात न्यायमूर्ती मुधोळकरांनी नुसता प्रश्न विचारून दिली होती. आणि मग १९७६ ला आणीबाणीतली ४२ वी दुरुस्ती, जिच्यात लिहून टाकलं की घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही. कोर्टाने ते १९८० मध्ये उडवलं.

हे सगळं माहीत असल्यावर नाथ पैंच्या बिलाला मी पाच स्टार देऊ शकत नाही. त्यांनी संसदेवर विश्वास टाकला, चांगल्या संसदेवर, आपण स्वतः जिथे बसलोय तसल्या संसदेवर. विरोधी पक्षाला तुरुंगात टाकून चालवलेली संसद त्यांनी बघितली नाही. त्यांच्यानंतर याच राजापूरचे खासदार झालेले मधू दंडवते त्या वेळी तुरुंगात होते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना हे बोलले तर ते भयंकर चिडले, म्हणाले नाथ पैंना स्टार देणारी तू कोण. आता काका, रिव्ह्यू म्हटलं की स्टार द्यावे लागतात, तिथे खाली पाच चांदण्या असतात आणि दाबल्याशिवाय पुढे जात नाही.

पण एक सांगते, आईच्या आठवणीतला आवाज आणि ही पानं यात फार अंतर आहे आणि मला पानं जास्त आवडली. आवाज नाही, हातवारे नाहीत, टाळ्या नाहीत, मध्येच कंसात 'व्यत्यय' असं येतं, वेळ संपल्याची घंटा होते, तरी त्या कॉलमातला माणूस आपला मुद्दा सोडत नाही. वक्ता म्हणून आपण त्यांना देवघरात बसवलंय, पण हे काम बघितलं तर ते आहे हमालीचं. कलम, पोटकलम, समिती, रिपोर्ट, सुधारणा, परत शुक्रवार. चार वर्षं एका बिलामागे. याच्यावर कुणी स्पर्धा ठेवत नाही, कारण यात टाळीचं वाक्य नाही.

भाषेचा एक मुद्दा. हे सगळं इंग्रजीत आहे. नाथ पै बोलले इंग्रजीत आणि छापलंय तसंच. घटनेच्या कलम १२० प्रमाणे संसदेचं काम हिंदी किंवा इंग्रजीत, आणि ज्याला या दोन्हींत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. लंडनला शिकून आलेल्या बॅरिस्टरला ती सवलत कोण देणार. म्हणून डिक्शनरी जवळ ठेवा. मी बँकेच्या सर्क्युलरवर वाढलेली बाई, मला इंग्रजीचं भय नाही, तरी दिवसाला दहा-बारा कॉलमच्या वर जाता आलं नाही. चहा दोनदा लागतो.

आता दुकान. नाव घेत नाही, आमच्याच बाजारपेठेत आहे, रोज तोंड बघायचंय. मोबाइलवर कॉलम वाचून डोळे गेले म्हणून प्रिंट काढायला दिल्या. पोरगा चांगला आहे पण त्याने कागद वाचवायचा म्हणून मला न विचारता एका कागदावर दोन पानं घेतली. मूळ पानावर आधीच दोन कॉलम, म्हणजे कागदाच्या एका बाजूला चार कॉलम, अक्षर मोहरीएवढं. बरं, पाठपोट छापताना एक गठ्ठा उलटा घातला, त्यामुळे कायदामंत्र्यांचं भाषण अर्ध्यावरनं खाली डोकं वर पाय. आणि स्पायरल करताना मध्ये कुणाच्या तरी सातबाराची चार पानं गेली. त्याच्याकडे दिवसभर सातबारेच छापतात लोक, मिसळली असणार. मी गोलकनाथच्या पाचशे एकरांवरनं पान उलटलं आणि समोर आपल्याच तालुक्यातली वरकस जमीन, इतर हक्कात चौदा नावं, एक वारस मुंबईला, एकाचा पत्ता नाही! क्षणभर मला वाटलं हेही चर्चेला जोडलेलं परिशिष्टच आहे की काय. हसू नका, चष्मा नव्हता.

ती पानं परत द्यायला गेले तर ज्याची होती तो माणूस तलाठ्याकडून दोन हेलपाटे मारून नवी काढून गेला होता म्हणे. दुकानदाराने माझ्याकडून त्या चार पानांचेही पैसे घेतले होते, ते मात्र परत दिले. पुन्हा छापून द्यायला तयार होता पण अर्ध्या पैशात, आणि लाइट आल्यावर. लाइट आली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

बाकी त्याच लायब्ररीत आपल्या किनाऱ्याचं अजून बरंच आहे. कुलाब्याहून निवडून गेलेले सी. डी. देशमुख, महाडजवळच्या नात्याचे, अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, जुलै १९५६ मधलं राज्य पुनर्रचनेच्या बिलाच्या वेळचं त्यांचं निवेदन आहे, ते आकाराने लहान आहे, एका बैठकीत होतं, सुरुवात करणाऱ्याने खरं तर तिथूनच करावी. दंडवते तर १९७१ पासून सलग पाच निवडणुका राजापूरहून जिंकलेले, त्यामुळे त्यांचं घबाड मोठं आहे, मी १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या बिलापासून सुरू करणार आहे, कारण आजकाल आपल्याकडे जे चाललंय ते बघता तो कायदा केला तेव्हा लोक काय म्हणत होते याची फारच उत्सुकता आहे. नाव सापडायला सोपं, 'प्रा. मधू दंडवते', फिजिक्स शिकवायचे ते. बाबासाहेबांची मुंबई विधानसभेतली खोतीवरची भाषणं मात्र इथे शोधू नका, ती संसद नव्हती. ती महाराष्ट्र सरकारने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहेत, तालुक्याच्या वाचनालयात मिळू शकेल.

स्पर्धेचं विचारतील म्हणून सांगते. बायने भाषणात शुक्रवारचा बाजार, खोतीचा सहावा नंबर आणि बावीस दिवस, एवढं तिन्ही घातलं, आणि शेवटी म्हणाली की मला त्यांचं हे बिल पूर्ण पटलेलं नाही. तिला मी तसं सांगितलं नव्हतं हां, तिने लिमयांची पानं वाचून स्वतःच ठरवलं. नंबर उत्तेजनार्थ आला. पहिल्या नंबरच्या मुलाने मंत्रमुग्ध हा शब्द चार वेळा वापरला, मी मोजले. एक परीक्षक मात्र नंतर बाहेर येऊन तिला विचारत होते की ते नवव्या परिशिष्टाचं तुला कुठे मिळालं गो, आणि तिने त्यांना साइटचं नाव कागदावर लिहून दिलं.

तर साइटला पाच. भाषणांना, म्हणजे त्या बिलाला, चार, आणि लिमयांना साडेचार द्यायचे होते पण अर्धा स्टार देता येत नाही. दुकानाला दोन, तेही पोराने नंतर उलटा गठ्ठा स्वतःहून बदलून दिला म्हणून. प्रिंट काढायला देणार असाल तर एका बाजूला एकच पान हे आधी सांगा, शंभरच्या वर पानं असतील तर दोन स्पायरल करा, आणि दुकानातनं निघायच्या आधी उभ्या उभ्या सगळी पानं एकदा चाळून घ्या, आत दुसऱ्याची जमीन नाही ना ते बघा.